कडी लागेपर्यंत

मिस्त्रीबाईंच्या हाताखालून गेलेली वस्तू मोडत नाही, असं त्या विज्ञान संग्रहालयात सगळे म्हणायचे, आणि सगळ्यांत मोठ्याने स्वतः मिस्त्रीबाई म्हणायच्या. त्यांना त्यात काही गैर वाटत नसे. ज्याच्या हातात काम आहे त्याने मान खाली घालून का बोलावं, असा त्यांचा रोकडा सवाल होता. संग्रहालयाच्या मागच्या अंगाला, माल उतरवायच्या दाराशेजारी, त्यांची कार्यशाळा होती. पत्र्याचं उंच छप्पर, एक लांबलचक टेबल, आणि भिंतीवर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा रंगवलेली, म्हणजे पक्कड कुणी पळवली तर भिंतच चुगली करणार. मुलं ज्यात शिरून बसतात ते खोलीएवढं लाकडी हृदय, रांगत जायचा कानाचा बोगदा, हाताने फिरवायचं पाण्याचं चाक, सगळं इथलंच. लाथा मारा, लोंबकळा, दात लावा. मिस्त्रीबाईंची वस्तू ढिम्म हलायची नाही.

त्यांची एक रीत होती. नवी वस्तू मुलांच्या तावडीतून धडपणे पार पडली की तिच्या पोटाखाली, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी, त्या एक पितळी खिळा ठोकायच्या. एका वस्तूला एकच. वस्तूवर कारागिराचं नाव लिहायची तिथे पद्धत नव्हती; नावं असायची ती देणगीदारांची. तेव्हा सही म्हणा, शाबासकी म्हणा, ती त्या खिळ्याची. काही वस्तू चांगल्या चालत असूनही त्यांना खिळा मिळाला नव्हता, कारण त्या बाईंच्या पसंतीस उतरल्या नव्हत्या. आणि तो हातोडा दुसऱ्या कुणाच्या हातात जायचा प्रश्नच नव्हता.

निवृत्ती अगदी तोंडावर आली असताना संचालकांनी ‘जन्म’ नावाचं नवं दालन काढलं आणि त्यांना बोलावून घेतलं.

“मधली जागा तुमची,” संचालक म्हणाले. “शुक्राणू निघतात ढीगभर, अंड्यात शिरतो एक. त्यानंतर अंडं दुसऱ्याला आत घेत नाही. एवढं मुलांना स्वतःच्या हातांनी करून कळलं पाहिजे. अवघड वाटत असेल तर मोकळेपणाने सांगा, पडद्यावर चित्रफीत लावू.”

“चित्रफीत पोरं घरी बघतात,” मिस्त्रीबाई म्हणाल्या. “इथे हात लावायला येतात.”

ही त्यांची शेवटची वस्तू असणार होती, म्हणून सगळ्यांत मोठी होणार होती.

आता गंमत अशी की अंड्यांची जाणकार त्यांच्या घरातच होती. त्यांची सून किनाऱ्यावरच्या संशोधन केंद्रात सी-अर्चिन नावाच्या, समुद्रातल्या काटेरी गोळ्यांच्या अंड्यांवर काम करायची. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण ती नेमकं काय करते हे मिस्त्रीबाईंनी कधी विचारलं नव्हतं. शेजारणीने विचारलं तर “काचेतून बघत बसते” असं सांगून त्या मोकळ्या व्हायच्या. मुलगा मालवाहू जहाजावर, महिनोन्‌महिने बाहेर. घरात या दोघीच. भांडण म्हणाल तर नव्हतं. दोघी एकमेकींना भरपूर मान द्यायच्या, आणि मान दिला की फारसं बोलावं लागत नाही.

एकदा जेवताना सून आपण होऊन म्हणाली, “आई, संचालकांनी मला तुमच्या दालनासाठी सल्ला द्यायला बोलावलंय. एक सुचवू? सुरुवात अंड्यापासून करा. खरी करामत त्याची आहे.”

“अंडं म्हणजे एक गोळा,” मिस्त्रीबाई म्हणाल्या. “गोळा कसा करायचा ते आता तू मला शिकवणार?”

सुनेने ताट उचललं आणि विषय तिथेच मिटला.

मग मिस्त्रीबाईंनी जे काही केलं ते खरोखर देखणं होतं. माणसाच्या डोक्यावरून सुरू होणारी एक उतरण, तिला चार वाटा, वाटांना वळणं, फसव्या गल्ल्या, मध्ये एक झुलता पूल. लिंबाएवढे लाकडी चेंडू वरून सोडायचे. काही गल्लीत अडकणार, काही पुलावरून पडणार, एखादा खाली पोहोचणार. म्हाताऱ्या रंगाऱ्याने त्या वाटांवर जीव ओतला. तळाशी अंडं होतं: पांढरा अर्धगोल, त्याला एक भोक, भोकावर झाकण. चेंडू आत पडला की घंटा वाजणार आणि झाकण खाली येणार. उतरणीला त्यांनी कितीतरी आठवडे दिले होते. अंड्याला एक दुपार दिली.

चाचणी रोज व्हायची. रंगारी वरून एक चेंडू सोडायचा, तो डुलत डुलत खाली यायचा, घंटा वाजायची, झाकण पडायचं, आणि दोघं एकमेकांकडे समाधानाने बघायचे. एके दिवशी मिस्त्रीबाई खिशातून पितळी खिळा काढून उतरणीखाली शिरल्या.

“बाई, अजून पोरं यायचीत,” रंगारी म्हणाला. “पोरांच्या आधी कधी ठोकला नाहीत तुम्ही.”

“चालणार, मी डोळे मिटून सांगते,” आतून आवाज आला, आणि पाठोपाठ हातोड्याचा.

खऱ्या चाचणीला एका शाळेचा वर्ग बोलावला होता. संचालक होते, सून होती. ‘चेंडू एकेक करून सोडावेत’ अशी पाटी लावली होती. पाटी वाचायला थांबलेलं मूल मिस्त्रीबाईंनी जन्मात पाहिलं नव्हतं, तरी ती पाटी त्यांनीच लावली होती.

पहिल्या मुलाने एक चेंडू सोडला. दुसऱ्याने ओंजळभर सोडले. तिसऱ्याने टोपलीच उपडी केली. चेंडू वाटा सोडून, गल्ल्या ओलांडून, पुलाला वळसा घालून धो-धो खाली आले. पहिला आत पडला, घंटा वाजली, झाकण खाली यायला लागलं, आणि तेवढ्यात दुसऱ्या चेंडूने त्याच्याखाली डोकं घातलं. झाकण अर्धवट अडकलं. मग काय, उघड्या दारात बाकीचे घुसलेच. घंटा वाजतेय, वाजतेय, थांबायचं नाव नाही. मुलांना इतका आनंद झाला की ती चेंडू गोळा करून पुन्हा वर धावली.

फक्त एक चष्मेवाली मुलगी अंड्यापाशी उभी राहिली. तिने आत वाकून पाहिलं. “एकच जातो ना? इथे तर सगळेच गेले.”

मिस्त्रीबाई अडकलेलं झाकण ओढत राहिल्या.

“दोन गेले तर काय होतं?” तिने विचारलं.

सून तिच्याजवळ उकिडवी बसली. “मग हिशेब चुकतो. पिल्लू घडायला आईकडून एक वाटा लागतो, वडलांकडून एक. वडलांकडचे दोन आले की अंडं वेडंवाकडं विभागायला लागतं, आणि पिल्लू घडत नाही.”

“म्हणजे हे अंडं वाया गेलं,” मुलगी म्हणाली. तिच्या मनात काहीच वाकडं नव्हतं. तिने फक्त दिसलं ते सांगितलं.

मुलं गेल्यावर संचालक अगदी हळू आवाजात म्हणाले, “मिस्त्रीबाई, आपण चित्रफितीचंही बघून ठेवू या का? उद्घाटन जवळ आलंय.” त्यांचा हळू आवाजच बाईंना जास्त झोंबला. रंगारी ब्रश धूत राहिला.

मिस्त्रीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला होता. आधी त्या पोरांवर चिडल्या, मग पाटीवर, मग झाकणाच्या बिजागरीवर. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर नाचता येईना अंगण वाकडं, असं त्याच पहिल्या म्हणाल्या असत्या. हे लक्षात आल्यावर त्या पक्कड घेऊन उतरणीखाली गेल्या आणि त्यांनी खिळा उपटला. उपटलेला खिळा वाकतो. तो त्यांनी तसाच खिशात टाकला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात दोघी समोरासमोर बसल्या. ‘मी सांगितलं होतं’ हे तीन शब्द सुनेच्या तोंडून कधी येतात याची मिस्त्रीबाई वाट बघत होत्या. ते आले नाहीत. ताटं झाली, भांडी झाली, तरी आले नाहीत. हे बाईंनी मनात नोंदवलं.

“ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू,” शेवटी त्याच म्हणाल्या. “माझं अंडं फसलंय. तुझं अंडं मला दाखव.”

सुनेने हात पुसले. “उद्या माझ्याबरोबर चला. तुमच्यासाठी ताजी काढते.”

संशोधन केंद्रातली सुनेची खोली अरुंद होती. भिंतीलगत खाऱ्या पाण्याच्या टाक्या बुडबुडत होत्या, आणि त्यांत काळेजांभळे काटेरी गोळे काचेला चिकटून बसले होते. घरात कपाटसुद्धा आवाज न करता उघडणारी ही मुलगी इथे वेगळीच होती. “दार लावा, वारा नको,” म्हणाली. सहकाऱ्याला “आत्ता नाही, नंतर” म्हणाली. बारीक नळीतून तिने काचेवर पाण्याचा थेंब ठेवला, आणि तिचा हात जराही हलला नाही. मिस्त्रीबाई माणसाचे हात आधी बघायच्या, चेहरा नंतर. हे हात त्यांनी इतकी वर्षं फक्त भांडी विसळताना पाहिले होते.

“यात अंडी आहेत. आता शुक्राणू सोडते. डोळा भिंगावरून काढू नका.”

सूक्ष्मदर्शकाखाली गोल, स्वच्छ दाणे दिसत होते. मग चोहोबाजूंनी ठिपक्यांची झुंबड उडाली. ठिपके दाण्याला धडकत होते, चिकटत होते, एकमेकांना ढकलत होते. काल टोपली उपडी झाली होती तेव्हाची आठवण मिस्त्रीबाईंना आली. काही वेळ नुसतीच ती रेटारेटी. मग एका दाण्याच्या कडेला एक बारीक रेघ सुटी झाली. ती दोन्हीकडे पसरत गेली, दाण्याच्या पाठीमागे जाऊन स्वतःलाच मिळाली, आणि फुगून वर उचलली गेली. आता अंडं एका पारदर्शक कड्याच्या आत शांत होतं आणि ठिपके बाहेरच्या बाहेर धडका देत होते.

मिस्त्रीबाईंनी डोळा वर केला. “दार कुठंय याला?”

“दार नाहीच, आई. कुठूनही शिरता येतं.”

“म्हणजे सगळी भिंतच दार.”

“हो.”

“आणि मी एका भोकाला झाकण करत बसले.” त्यांनी पुन्हा डोळा लावला. “पण थांब. ही साल सुटायला वेळ लागला. तेवढ्यात दुसरा का नाही शिरला? माझ्याकडे तर झाकण पडायच्या आत घुसले.”

सुनेने खुर्ची ओढून त्यांच्याकडे तोंड केलं. “तेच माझं काम आहे,” ती म्हणाली. त्या आवाजातला ताठा मिस्त्रीबाईंनी लगेच ओळखला. तो त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. “ही साल सुटते ती दुसरी अडवणूक. पक्की, पण सावकाश. अंड्याच्या कडेखाली बारीक पिशव्या असतात. पहिला शुक्राणू शिरला की त्या फुटतात, त्यांतल्या रसाने साल अंड्यापासून सुटते, खाली पाणी शिरून वर उचलली जाते आणि कडक होते. पण त्याच्या आधी, पहिला शिरताक्षणी, अंड्याच्या अंगावरचा विजेचा भार पालटतो. डोळ्याला दिसत नाही, उपकरणावर दिसतो. तो भार पालटलेला आहे तोवर दुसऱ्याला आत मिसळता येत नाही. टिकतो मात्र मिनिटभरच. त्या मिनिटभरात साल तयार व्हायला हवी.”

मिस्त्रीबाई विचारात पडल्या. “म्हणजे आधी हाताने दार धरून ठेवायचं. कडी लागेपर्यंत.”

सून त्यांच्याकडे बघत राहिली. “इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आलं नव्हतं,” ती म्हणाली.

मग तिने दुसरी काच लावली. “आणि हे बघा. या पाण्यात मी सोडियम कमी केलं होतं. त्याने पहिली अडवणूक ढिली पडते.”

या काचेतल्या अंड्यांचे दोन नीट भाग व्हायचे ते सोडून काहींचे एकदम चार झाले होते, लहानमोठे, कसेतरी.

“तू मुद्दाम मोडतेस?”

“मोडल्याशिवाय कसं कळणार, काय धरून ठेवत होतं ते?”

“माझ्याकडे मोडायचं काम पोरं करतात,” मिस्त्रीबाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या. एकाच वेळी हसायची ही बहुधा पहिलीच खेप.

परतताना बाईंना रस्ताभर अभिमान वाटत होता, आणि आपल्याच घरातल्या माणसाचा अभिमान वाटायला इतकी वर्षं लागली याची चीडही येत होती. एवढ्याशा एका मिनिटासाठी ही पोरगी आयुष्याचा इतका भाग खर्च करते, आणि आपण शेजारणीला सांगतो, काचेतून बघत बसते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने उतरण मोडली. पूल काढला, गल्ल्या उचकटल्या. रंगारी डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, “निदान एक वाट तरी ठेवा, बाई.”

“शर्यत पोरं आपली आपण लावतात. त्यांना वाट कशाला हवी?” त्या म्हणाल्या. “आता अंडं करू.”

नवं अंडं लाकडी पट्ट्यांचं, मोठं, मुलांच्या छातीपर्यंत येणारं. त्याच्या वरच्या अंगावर सगळीकडे चेंडू जाईल एवढी तोंडं. प्रत्येक तोंडाला आतून पातळ पत्र्याची झडप, आणि सगळ्या झडपा एकाच दोरीला बांधलेल्या. कुठूनही एक चेंडू आत पडला की चाप सुटणार आणि सगळ्या झडपा एकदम मिटणार. ही झाली हाताने दार धरायची सोय. जोराने दाबलं तर झडप उघडेल इतकी ती कच्चीच ठेवायची, असा सुनेचा आग्रह होता. मग पक्की कडी. तिच्यासाठी मिस्त्रीबाईंनी जुन्या मोठ्या छत्र्यांच्या काड्या मागवल्या. अंड्याच्या अंगाला चापून बसलेलं एक मेणकापड, त्याच्याखाली त्या काड्या. मेणकापडालाही तोंडांच्या जागी तोंडं. चाप सुटला की एक वजन तेलातून सावकाश खाली उतरायचं आणि काड्या उघडायच्या. मेणकापड अंड्यापासून सुटून चहूबाजूंनी वर उचललं जाताना त्याची तोंडं चुण्यांनी मिटायची, आणि त्यावर बसलेले चेंडू घरंगळत खाली पडायचे.

सून रोज केंद्रातून सुटली की कार्यशाळेत यायची. तिने घासलेल्या झडपा इतक्या वाकड्या निघाल्या की बाईंनी कानस काढून घेतली आणि तिला चेंडू टाकायच्या कामावर बसवलं. त्या कामात मात्र ती तरबेज निघाली. मुलं टाकतात तसे, मुठीमुठींनी, तिरके, रागारागाने ती चेंडू फेकायची, आणि मिस्त्रीबाई छत्रीच्या काड्यांत डोकं घालून ओरडायच्या, “अजून जोरात! तुझ्या नवऱ्याने टाकले असते असे टाक.”

“माणसाचं अंडं थोडं वेगळं असतं हे पाटीवर लिहायला सांगते हं,” सून चेंडू वेचताना म्हणायची. “त्यात ही विजेची अडवणूक अशी सापडत नाही. तिथे बाहेरचं जाड कवचच बदलतं, आणि मुळात अंड्यापर्यंत पोचतातच थोडे.”

“लिही. जे आहे ते लिही,” बाई म्हणायच्या.

खरी खडाजंगी झाली ती घंटेवरून. अंडं छान चालत होतं, पण अधूनमधून दोन चेंडू दोन तोंडांतून अगदी एकाच क्षणी आत पडायचे. झडपा मिटायच्या आधीच काम झालेलं असायचं. मिस्त्रीबाईंनी स्प्रिंग बदलली, दोरी बदलली, पण जमेना.

“खऱ्यातही होतं असं कधीकधी,” सून म्हणाली. “अंडंही दर वेळी जिंकत नाही.”

“तुझ्या समुद्रात होत असेल. माझी वस्तू चुकते हे मी भर उद्घाटनात दाखवू?”

“मग ती चुकल्यावर काय करते ते ठरवा. आधीची घंटा कितीही चेंडू गेले तरी वाजत होती. ती खोटं बोलत होती, आई.” सुनेचा आवाज चढला होता. “दोन गेले तर हिने गप्प बसावं. एकच गेला तरच वाजावं. एवढा ताठा पुरे नाही का?”

मिस्त्रीबाईंनी हातातला पाना टेबलावर ठेवला. सासूला तोंडावर असं कुणी बोललं की घरात आठवडाभर शांतता नांदते, असा अनुभव आहे. पण बाईंना त्या बोलण्यात स्वतःचाच आवाज ऐकू आला. त्यांनी आत एक तराजूची दांडी बसवली, मेणकापड पुरतं उचललं गेल्यावरच सुटणारी. एका चेंडूच्या वजनाने ती बरोब्बर घंटेच्या टोल्याशी येऊन थांबायची. दोन चेंडू पडले की टोल्याला न लागता थेट तळाला जायची, आणि घंटा मुकी राहायची.

उद्घाटनाला तोच शाळेचा वर्ग आला. दालनात पाहुणे होते, आणि अंडं ठेवलेल्या मधल्या चौथऱ्याच्या मागे छताला एक गुंडाळलेला पांढरा पडदा टांगला होता. त्याची दोरी संचालकांच्या हाताशी होती. मिस्त्रीबाईंनी तो पडदा पाहिला आणि पाठ फिरवली. निवृत्तीनंतर या जागी आपलं काम उभं राहणार की एक कापड लोंबणार, हे आता ठरणार होतं.

‘एकेक करून’ अशी पाटी या वेळी नव्हती. मुलांनी टोपली उचलली आणि सरळ अंड्यावर रिकामी केली.

झडपांचा फटकन आवाज आला. मेणकापड सावकाश उचललं गेलं, चेंडू चौफेर घरंगळले. सगळे घंटेची वाट बघत होते. घंटा वाजली नाही.

पाहुण्यांत चुळबुळ झाली. संचालकांचा हात दोरीकडे गेला. मिस्त्रीबाईंनी सुनेकडे पाहिलं, आणि सून जागची हलली नाही.

चष्मेवाली मुलगी पुढे झाली. तिने बाजूच्या काचेच्या खिडकीतून आत पाहिलं. “दोन गेलेत,” तिने सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं सांगितलं. “अंडं वाया गेलं. म्हणून वाजलं नाही. परत लावा.”

मिस्त्रीबाईंनी दांडा ओढून अंडं पुन्हा उघडं केलं. या खेपेला मुलांनी दोन टोपल्या घेतल्या. चेंडूंचा पाऊस पडला, झडपा मिटल्या. एका मुलाने एक झडप बोटाने दाबून चेंडू आत सारायचा प्रयत्न केला, पण मेणकापडाने त्याचा हात हळूच बाहेर लोटला. चेंडू खाली पडत राहिले. आणि घंटा वाजली. एकदाच, खणखणीत.

मग मुलं थांबेचनात. पण कुणाचा चेंडू आत गेला हे आता कुणीच विचारत नव्हतं. अर्धी मुलं चेंडू टाकत होती आणि अर्धी अंड्याच्या बाजूने ओरडत होती, “मिट, मिट, लवकर मिट!” मेणकापड उचललं गेलं की टाळ्या पडायच्या. संचालकांनी पडद्याची दोरी वरच्या खुंटीला गुंडाळून टाकली आणि स्वतः एक चेंडू उचलला.

एका पाहुण्याने विचारलं, हे डोकं कुणाचं? मिस्त्रीबाईंनी अशा प्रश्नाला आजवर एकच उत्तर दिलं होतं. आज त्यांनी सुनेचं मनगट धरून तिला पुढे ओढलं.

“ही माझी सून. अंड्यावर संशोधन करते,” त्या म्हणाल्या, शेजारणीलाही ऐकू जावं इतक्या मोठ्याने, कारण शेजारणीला त्यांनी मुद्दाम बोलावलं होतं. “कडी माझी आहे. पण कडी लागेपर्यंत दार धरायचं असतं, हे हिच्यामुळे कळलं.”

सून लाजली वगैरे नाही. तिने मान ताठ करून पाहुण्याला नमस्कार केला, आणि ते बघून मिस्त्रीबाईंचा ऊर भरून आला.

दालन रिकामं झाल्यावर दोघी चौथऱ्याखाली शिरल्या. रंगारी बाहेर दिवा धरून उभा होता. मिस्त्रीबाईंनी खिशातून खिळा काढला. तोच, उतरणीतून उपटलेला. त्यांनी तो ठोकून ठोकून सरळ केला होता, पण एकदा वाकलेला खिळा पुरता सरळ होत नाही.

“एका वस्तूला एकच असतो,” त्या म्हणाल्या, आणि हातोडा सुनेपुढे धरला.

“आई, हा तुमचा आहे.”

“तो माझाच आहे. म्हणून तर देतेय. धर.”

सुनेने खिळा लाकडावर टेकवला. ज्या हाताने जराही न हलता थेंब ठेवता यायचा, त्या हाताला हातोडा काही झेपत नव्हता. पहिला टोला बोटावर बसला, दुसरा लाकडावर, आणि मग खिळा आत गेला तो पार तिरका, डोकं एका कुशीला कललेलं.

रंगाऱ्याने दिव्याबरोबर मान आत घातली. “वाकडा गेलाय, बाई. काढून नीट मारू का?”

“हात लावू नकोस,” मिस्त्रीबाई म्हणाल्या, आणि सुनेचं ठेचलेलं बोट फुंकर घालायला त्यांनी स्वतःच्या हातात घेतलं.